३ जून, ५ जून : बाबूराव पेंटर आणि गोविंदराव टेंबे

रंकाळ्याचा_वारा

परवा कोल्हापुरात होतो. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तिथं मित्राची वाट बघत उभा होतो. एक बाई आपल्या आठ-नऊ वर्षांच्या पोराला हाताला धरून चालल्या होत्या. पोरगं थबकलं. "हे काय गं?" "कॅमेरा आहे, पूर्वीचा." "कुणाचा?" "असंल कुणाचा तरी. चल, बस चुकंल." मी तोंड उघडेपर्यंत दोघं गर्दीत गेले. त्या पोराला जे सांगायचं राहिलं, ते इथं सांगतो.

तो कॅमेरा बाबूराव पेंटरांचा. जन्म ३ जून १८९०, कोल्हापूर. आडनाव मिस्त्री, घरात सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम सगळं. कुठल्या आर्ट स्कूलमध्ये गेले नाहीत. आतेभाऊ-मामेभाऊ म्हणा की आणखी काही, पण सख्ख्यासारखे वाढलेले आनंदराव आणि बाबूराव ही जोडी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायची. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शचे पडदे यांच्या हातचे. पडदा वर गेला की राजवाडा किंवा जंगल बघूनच टाळी पडायची, नट यायच्या आधी. 'पेंटर' हे आडनाव तिथून चिकटलं.

फाळक्यांचा हरिश्चंद्र बघितल्यावर दोघांच्या डोक्यात सिनेमा शिरला. परदेशी कॅमेरा घेण्याची ऐपत नाही, मग आपणच बनवू म्हणाले. १९१६ ला आनंदराव गेले. बाबूरावांनी आपल्या साथीदाराला, दामल्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास कॅमेरा चालता केला. पैसे कुणी दिले? तानीबाई कागलकरांनी. कोल्हापूरच्या गायिका. सावकार नाही, संस्थान नाही, गाणाऱ्या बाईच्या पैशावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. हे मला कळलं तेव्हा मी तिशी ओलांडली होती, आणि गाव तर माझंच.

'सैरंध्री' फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्यात आर्यन थिएटरला लागला. कीचकवध इतका खरा वाटला की त्या प्रसंगाला कात्री लागली. लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं. पुढं १९२५ ला 'सावकारी पाश' : देवबीव नाहीत, चमत्कार नाहीत, कर्जापायी जमीन गेलेला शेतकरी, जो शेवटी शहरात गिरणीत जातो. तो शेतकरी म्हणजे तरुण शांताराम. बाकी सगळा देश पौराणिकात रमला होता तेव्हाची ही गोष्ट.

आता दुसरा माणूस. बाबूरावांच्या तारखेनंतर दोनच दिवसांनी, ५ जूनला, गोविंदराव टेंब्यांची जयंती. ते नऊ वर्षांनी मोठे, १८८१ चे. पेटी वाजवायचे, म्हणजे साथ करायचे एवढंच नव्हे. पेटी हे एकट्यानं मैफल मारायचं वाद्य आहे हे ज्यांनी पटवलं त्यात ते पहिल्या रांगेत. भास्करबुवा बखल्यांची साथ केली, अल्लादियाखाँसाहेबांचं गाणं वर्षानुवर्षं कानात साठवलं आणि म्हातारपणी खाँसाहेबांचं चरित्रही लिहिलं. १९११ चं 'मानापमान', त्याच्या चाली यांच्या. १९१३ ला बालगंधर्व आणि गणपतराव बोडसांबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली, दोनेक वर्षांत बाहेर पडून स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. चालींशिवाय नाटकं लिहिली, पदं लिहिली, गद्य तर असं लिहिलं की गाण्यावर लिहिणाऱ्यांनी आजही आधी ते वाचावं.

दोघांची गाठ कुठं पडते ते बघा. १९२९ ला दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम ही बाबूरावांची माणसं कंपनी सोडून गेली आणि कोल्हापुरातच प्रभात काढली. १९३२ ला मराठीतला पहिला बोलपट आला, 'अयोध्येचा राजा'. विषय तोच, हरिश्चंद्राचा, ज्यानं बाबूरावांना वेड लावलं होतं. हरिश्चंद्र कोण? पन्नाशीचे गोविंदराव टेंबे. संगीतही त्यांचंच. तारामती दुर्गा खोटे. आणि पाच वर्षांनी बाबूरावांनी 'प्रतिभा' केला तेव्हा त्याला संगीत गोविंदरावांचं.

बाबूराव १६ जानेवारी १९५४ ला गेले, गोविंदराव ९ ऑक्टोबर १९५५ ला.

आमच्या घरी माळ्यावर आजोबांची पेटी आहे. भाता फुटलाय, काळी दोन, म्हणजे दुसरी काळी पट्टी, दाबली की खाली जाते ती वर येत नाही. आजोबा म्हणायचे, "टेंब्यांना ऐकलं आणि पेटी घेतली." लहानपणी मला वाटायचं टेंबे म्हणजे गंगावेशीतले कुणी दुकानदार असतील, त्यांच्याकडून घेतली असेल.

तुमच्याकडं काही आठवणी, ऐकीव गोष्टी असतील तर लिहा. चुकलं असेल तर सांगा.

---

पेठेतला_पोरगा

नाद खुळा लिहिलंयस भावा. एक भर : शिवाजी चौकातला महाराजांचा अर्धपुतळा, तो पण बाबूरावांच्याच हातचा, १९४५ चा. तिथं आधी विल्सन गव्हर्नरचा पुतळा होता. बेचाळीसच्या चळवळीत दोन बायकांनी तो विद्रूप केला, मग सरकारला काढावा लागला आणि त्या जागी महाराज आले. गणपती बघायला, मोर्चाला, मॅच जिंकल्यावर नाचायला आपण तिथंच जातो. कोल्हापुरात बाबूरावांचं काम रोज बघत नाही असा माणूस नसेल. फक्त माहीत नसतंय.

---

सदाशिव_आणि_शिव

लेख चांगला. पण तुम्ही एक मुद्दा सोडलात. 'सैरंध्री'त पहिल्यांदा बायकांनी पडद्यावर काम केलं, ही खरी क्रांती. तोवर फाळक्यांकडे साळुंके नावाचे गृहस्थ तारामती करायचे.

---

कात्री_लावा

@सदाशिव_आणि_शिव, थोडं थांबा. पहिल्यांदा नाही. फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये १९१३ ला दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमळाबाई, दोघींनी कामं केली होती. या कमळाबाई म्हणजे पुढच्या कमळाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांच्या आई, विक्रम गोखल्यांच्या आजी.

बाबूरावांचं श्रेय कमी होत नाही त्यानं. गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांनी कमलादेवी, सुशीलादेवी अशी नावं घेऊन 'सैरंध्री'त कामं केली, आणि लोकांनी त्यांना जवळजवळ वाळीत टाकलं. स्टुडिओतच राहायची वेळ आली त्यांच्यावर. टाळ्या बाबूरावांना आणि दगड यांना, अशी वाटणी झाली. स्मरण करायचं तर या दोघींचंही करा.

---

सदाशिव_आणि_शिव

बरोबर, माझी चूक. दुर्गाबाईंचं नाव विसरलोच.

---

काळी_दोन

माझं टोपणनाव वाचून धागाकर्त्यांना हसू येईल, पण खरंच हेच आहे. मिरजेला पेटी शिकलो, वीसेक वर्षं नाट्यसंगीताची साथ करतोय. गोविंदरावांबद्दल दोन गोष्टी लिहितो, जरा तांत्रिक आहेत.

'मानापमान'च्या आधीच्या नाटकांतली पदं ऐका. साकी, दिंडी, कानडी वळणाच्या चाली, कीर्तनाचा वास. गोविंदरावांनी काय केलं, तर उत्तरेकडची ठुमरी, दादरा, कजरी यांचा माल आणून मराठी शब्दांवर बसवला. 'नाही मी बोलत नाथा' घ्या. नायिका रुसलीय. शब्दांत रुसवा आहेच, पण चालीत तो 'नाही'वर जो लाडिक मुरका आहे, तो पूरबचा. बालगंधर्वांच्या गळ्याला हे कपडे मापात शिवल्यासारखे बसले. दहा वर्षांनी, जुलै १९२१ मध्ये, टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी एकत्र 'संयुक्त मानापमान' केलं, त्याच्या तिकिटांच्या किमतीच्या गोष्टी अजून सांगतात. त्या रात्री दोन सिंह गायले असं म्हणतात. पण ज्या चालींवर गायले त्या बसवणारा तिसरा होता हे कुणी म्हणत नाही.

दुसरी गोष्ट पेटीची. पेटीला मींड नाही. सा वरून ग वर घसरत जायचं म्हटलं तर मधे पायऱ्या आहेत, उतार नाही. शास्त्रीय गाणाऱ्यांचा हाच आक्षेप, आणि आकाशवाणीनं १ मार्च १९४० पासून पेटीला बंदीच घातली, ती तीस वर्षं टिकली. आमच्या गुरुजींचं म्हणणं असं, की उतार बोटांत नसतो, तो भात्यात असतो. स्वर सोडायच्या क्षणी हवा किंचित चोरायची आणि पुढचा स्वर त्या पोकळीत ठेवायचा. ऐकणाऱ्याचा कान मधलं अंतर आपोआप भरतो. ही युक्ती त्यांच्याकडं टेंब्यांच्या परंपरेतून आली असं ते सांगायचे. माझ्यानं ती शंभरातून तीन-चार वेळा जमते.

---

अटलांटिक_पार

न्यू जर्सीहून. इथल्या मराठी शाळेत मी लहान मुलांना गाणी शिकवते. 'मन रामरंगी रंगले' गेली सहा वर्षं शिकवतेय, भीमसेनजींचं ऐकून. गेल्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "हा अभंग कुणाचा?" मी बेधडक सांगितलं, "तुकारामांचा असेल." आज हा धागा वाचून शोधलं तर पद गोविंदराव टेंब्यांचं, 'तुलसीदास' नाटकातलं!! देवा. आता त्या मुलीला आणि तिच्या आईला काय तोंड दाखवू.

---

काळी_दोन

@अटलांटिक_पार ताई, तुम्ही एकट्या नाही. आमच्याकडं आषाढीच्या कार्यक्रमात निवेदक दरवर्षी 'आता संतवाणीकडे वळू या' म्हणून हेच पद लावतात. मी पेटीवर बसून मान खाली घालतो.

---

लेथवाला

मी उद्यमनगरात लेथ चालवतो. लिहायची सवय नाही, चुका पोटात घाला.

सगळे म्हणतात 'कॅमेरा बनवला, कॅमेरा बनवला'. म्हणजे काय केलं ते कुणी सांगत नाही. आमचे एक वस्ताद होते, त्यांनी मला समजावलेलं. कॅमेऱ्याचा डबा आणि भिंग हे सोपं. अवघड काय, तर फिल्म सरकवणं. फिल्म सलग पळत असंल तर चित्र फराटतं. तिला एक चौकट थांबवायची, झडप उघडायची, उजेड घ्यायचा, झडप मिटायची, मग ओढायची, परत थांबवायची. असं सेकंदाला सोळा वेळा. एका चौकटीला प्रत्येक बाजूला चार भोकं. दात्याची चाकं अशी पाहिजेत की प्रत्येक वेळी तेवढीच ओढ बसली पाहिजे. सूतभर कमी-जास्त झालं तर पडद्यावर माणूस थरथरतो. आणि हे सगळं हातानं हँडल फिरवून, म्हणजे फिरवणाऱ्याचा हात पण घड्याळासारखा चालला पाहिजे.

आज मला कुणी असा पार्ट करायला दिला तर सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर टाकीन. त्यांनी १९१८ ला, ड्रॉइंग नाही, सुटे भाग नाहीत, बहुतेक कानस मारून मारून केलं असणार. मी एकदा सुट्टीच्या दिवशी खरी कॉर्नरला जाऊन तो स्तंभ नीट बघितला, आतलं काही दिसतंय का म्हणून. नुसता आकार आहे. पण हात लावून आलो.

---

पेठेतला_पोरगा

लेथवाले काका, नमस्कार घ्या _/\_

---

प्रभात_फेरी

सगळं खरं, पण जरा उलटी बाजूही लिहितो, नाहीतर हा धागा आरती होईल. कॅमेऱ्यात दामल्यांचा वाटा सिंहाचा होता, तो 'हाताशी धरून' या दोन शब्दांत उरकू नका. आणि अशी हाताखालची सोन्यासारखी चार माणसं एका वेळी का गेली? बाबूराव कलावंत म्हणून अफाट, पण कंपनी चालवणं हा वेगळा धंदा आहे. एकेका दृश्यासाठी दिवसच्या दिवस घालवायचे, स्वतः चित्रं काढून, पोशाख ठरवून. बोलपट आल्यावर त्यांचा सूर पुन्हा तसा लागला नाही. 'सावकारी पाश'ही १९३६ ला बोलका केला, पण गाजतो तो मूकच. उलट गोविंदरावांनी नाटक गेलं तर सिनेमा, सिनेमा गेला तर रेडिओ असं प्रत्येक वेळी नवं माध्यम पटकन उचललं. वयानं मोठे असून.

---

रंकाळ्याचा_वारा

@प्रभात_फेरी, दामल्यांबद्दलचं मान्य, खरंच हात आखडला माझा. बाकीच्याबद्दल थोडा वाद घालतो. सिनेमात सूर लागला नाही म्हणून बाबूराव गप्प बसले नाहीत. ते परत ब्रशकडं आणि मातीकडं गेले. वर पेठेतला_पोरगा म्हणतोय तो पुतळा त्या काळातला. ज्याला हातानं दहा गोष्टी येतात त्याचं एक दार बंद झालं तर आपण 'अपयश' म्हणतो, त्याला तसं वाटलं असेलच असं नाही. आणि ती चार माणसं बाहेर पडून आपापल्या पायावर उभी राहिली ती कुणाच्या तालमीत तयार होऊन? प्रभातच्या सेटवरच्या कमानी बघताना मला तर पडदे रंगवणारा हातच दिसतो.

---

लॉ_कॉलेज_रोड

कुणी विचारायच्या आधी सांगतो, मूक 'सावकारी पाश' बघायला मिळत नाही. झोपडी आणि रात्री रडणारं कुत्रं, त्या प्रसंगाची वर्णनं वाचूनच समाधान मानायचं. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांपैकी 'मुरलीवाला' आणि 'सती सावित्री' यांची रिळं फिल्म अर्काइव्हजमध्ये वाचलीत, दोन्ही १९२७ चे. तेव्हाची नायट्रेट फिल्म पटकन पेट घेणारी, ओल लागली तरी चिकट लगदा होतो. जे उरलं ते नशीब.

'अयोध्येचा राजा' मात्र आहे आणि बघाच. कथेसाठी नाही, गोविंदरावांसाठी. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. नटानं कॅमेऱ्यासमोर, मायक्रोफोनच्या टापूत उभं राहून खरंच गायचं, आणि वादक चौकटीच्या बाहेर दडून वाजवायचे. चूक झाली की अभिनय, गाणं, साथ सगळं पुन्हा पहिल्यापासून. माझ्या मुलीला दाखवला तर म्हणाली, "बाबा, हा राजा फार हलत नाही." म्हटलं, "हलला तर आवाज जाईल गं त्याचा."

---

आजीचा_नातू

केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली तेव्हा मी तिथं होतो, म्हणजे रस्त्यावर, गर्दीत. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते, पायजमा, डोक्याला मफलर, ऑगस्टात. काही बोलत नव्हते. मग हळू आवाजात म्हणायला लागले, 'चंद्रिका ही जणू'. गात नव्हते, शब्द म्हणत होते, पाढे म्हणावेत तसे. मला तेव्हा एवढंच माहीत होतं की हे 'मानापमान'मधलं आहे. चाल कुणाची हे आज या धाग्यावर कळलं.

---

अटलांटिक_पार

@आजीचा_नातू, हे वाचून कामातून उठून बाहेर जाऊन आले.

मुलीच्या आईला फोन केला. हसल्या त्या. म्हणाल्या, "तुकारामांना चाललं असतं."

---

काळी_दोन

धागाकर्त्यांना एक विचारायचं राहिलं. ती माळ्यावरची पेटी कुठल्या बनावटीची? वरची पट्टी दिसते का, त्यावर काही कोरलंय? जुन्या पेट्यांचे सूर, म्हणजे आत वाजणाऱ्या पितळी पट्ट्या, फार गोड असतात. भाता आणि चाव्या काय, नव्या करता येतात. सूर तेवढे घासू नका कुणाला देऊन.

---

रंकाळ्याचा_वारा

काल खाली काढली. लाकडावर नाव नाही, झिजून गेलंय. आत उंदरानं कागद कुरतडून घर केलं होतं. सूर सगळे जागेवर आहेत, मोजले. काळी दोनच्या खालची स्प्रिंग गंजून तुटलीय. इथं पुण्यात एकाला विचारलं तर म्हणाला, तसली तार आता मिळत नाही, नवीन पेटी घ्या.

---

लेथवाला

तारेचं काय घेऊन बसलाय. जाडी मोजून सांगा, नाहीतर तुटका तुकडा पाकिटात घालून पाठवा. रविवारी दुकान बंद असतंय, पण मी असतो. पेटीच घेऊन या की.